रिपोर्टमधली ती ओळ

ऐन ऑक्टोबर छाटणीत निफाडकडचा बागायतदार द्राक्षबाग मजुरांवर टाकून नाशिकला माझ्याकडे समुपदेशनाला आला, आणि कारण काय, तर बायकोला झोप लागत नाही. तेव्हाच ओळखलं की गोष्ट झोपेपुरती नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तिला एकविसावा आठवडा. सोबत सासूबाई आणि चार वर्षांची लेक. सासूबाईंनी पिशवीतून सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून माझ्यासमोर उलगडला. त्यातल्या दोन ओळींखाली निळ्या पेनाने रेघ मारलेली होती. एक, हृदयाचे ठोके १५२. दुसरी, प्लॅसेंटा अँटिरिअर, म्हणजे वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला. रेघ मारणारी शेजारची कुणी जाणकार बाई. ठोके १४० च्या वर म्हणजे मुलगी, वार पुढे म्हणजेही मुलगी. झाला निकाल.

"आम्ही तसलं काही करणाऱ्यातले नाही हो मॅडम," सासूबाई म्हणाल्या. "नुसतं खरं-खोटं कळलं की मनाची तयारी होते."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा शब्द मला आधीच ठाऊक असतो. पण आधी रिपोर्टचं बोलले. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात, मुलगा असो वा मुलगी. वार पुढच्या भिंतीला असणं ही नुसती जागा आहे. फार तर त्यामुळे बाळाच्या लाथा उशिरा आणि मऊ जाणवतात, मध्ये उशी ठेवल्यासारख्या. हे ऐकून तिने पहिल्यांदा मान वर केली. बाळ फारसं हलत नाही म्हणून ती रात्र रात्र जागी होती आणि घरात त्याचंही उत्तर तयार होतं : मुलगी आहे, म्हणून गप्प आहे! हालचाल कधीही कमी वाटली तर डॉक्टरांनाच विचारायचं, शेजारणीला नाही, हे मी तिघांनाही बजावलं.

त्याच रिपोर्टात बाळाचा मेंदू, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडं सगळं नीट असल्याचं लिहिलं होतं. ही सोनोग्राफी त्याचसाठी असते. त्या ओळींखाली कुणी रेघ मारली नव्हती.

नवऱ्याने विचारलं, "आपल्याला काही करायचंच नाही, तर नुसतं सांगायला डॉक्टरांचं काय जातं?" प्रश्न रास्त वाटतो, बरेच जण विचारतात. महाराष्ट्राने यावर १९८८ मध्येच कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. त्यातलं 'नुसतं विचारणारं' घर कुठलं आणि दुसरं कुठलं, हे मशीनसमोर बसलेल्या डॉक्टरांनी कसं ओळखायचं? म्हणून कायद्याने सांगणंच बंद केलंय, शब्दाने, खुणेने, कसंही. 'पेढा' म्हटलं काय नि 'जिलेबी' म्हटलं काय, गुन्हाच. गर्भलिंग तपासणीसाठी आग्रह धरणाऱ्या नातेवाइकालाही ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बाईवर मात्र घरच्यांनी दबाव आणला असं कायदा गृहीत धरतो. तिला म्हटलं, सोनोग्राफीआधी एका कागदावर सही केली होतीस ना? मला लिंग जाणून घ्यायचं नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. तिला सही आठवत होती, मजकूर नाही.

मग मी सासूबाईंकडे वळले. "आई, समजा आज कळलं मुलगी आहे. तर उद्या सकाळपासून घरात काय बदलेल? तयारी म्हणजे नक्की काय करणार?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी नवराच म्हणाला, "बारसं घरीच उरकू."

पहिलीचं घरीच झालं होतं, वीस माणसांत. दिराच्या मुलाचं मात्र गंगापूर रोडच्या हॉलमध्ये. हे तिने सांगितलं, खाली बघत, पण अगदी शांतपणे. लेक माझ्या टेबलावरच्या खडूंशी खेळत होती. लहान मुलाच्या तोंडून खरं निघतं म्हणून तिला घरात रोज विचारतात, भाऊ की बहीण? एकदा ती 'बहीण' म्हणाली आणि ओरडा खाल्ला. मी सहज विचारलं, "काय काढतेस गं?" तर उत्तर देण्याआधी तिने आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही ते पाहिलं.

दुसऱ्या भेटीला ती एकटीच आत आली आणि पर्समधून मुलगा व्हावा म्हणून दिलेली एक पुडी काढली. गोऱ्हा असलेल्या गाईच्या दुधातून घ्यायची. सात दिवस घेऊन झाली होती. मी कागदावर दोन रेघा ओढून दाखवलं : आईकडून एक्स गुणसूत्रच येतं, बापाकडून एक्स किंवा वाय, आणि गर्भ राहतो त्याच क्षणी ते ठरतं. तिच्या आईला तीन मुलीच झाल्या म्हणून तिला जे ऐकावं लागतं, त्याला काडीचा आधार नाही. पुडीत काय आहे ते तिलाही माहीत नव्हतं, मलाही. ती तशीच डॉक्टरांना दाखवायला पाठवलं. कागद मात्र तिने घडी करून ठेवला. नवऱ्याला दाखवायचा होता.

पहिल्या भेटीतच मी नवऱ्याला एकच काम दिलं होतं. तुमची तयारी आत्ताच करा, बाळ यायच्या आधी, दोन्हीपैकी काहीही असलं तरी तीच. सासूबाई लगेच म्हणाल्या, "आणि हॉलचा ॲडव्हान्स बुडाला तर?" मी हसले, त्याही हसल्या. थोड्याच.

आठव्या महिन्यात त्याने फोनवर पावतीचा फोटो पाठवला. हॉलचे तीन हजार भरलेले, तारखेची जागा कोरी. खाली लिहिलं होतं, मॅनेजर विचारत होता कशाचा कार्यक्रम, बारसं म्हटलं तर म्हणाला मुलगा का? मी म्हटलं, माहीत नाही, जेवण दोनशे पानांचं धरा.