नागपूरच्या उन्हात रेणू किती जोरात धावतात?

वायूंचा गतिज सिद्धांत, म्हणजे वायूचे रेणू सतत धावत असतात हे सांगणारा सिद्धांत, शिकताना सूत्रांपासून सुरू करू नकोस, आपल्या नागपूरच्या हवेपासून कर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, डिसेंबरात पहाटे १० वर. म्हणजे रेणू साडेचार पट वेगाने पळत असतील? नाही, तापमान केल्विनमध्ये घे, म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळव: ३१८ आणि २८३. वेग त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून नायट्रोजनचा आरएमएस वेग (वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, एक प्रकारचा सरासरी वेग) डिसेंबर ते मे सेकंदाला सुमारे ५०२ मीटरवरून जेमतेम ५३२ होतो. फक्त सहा टक्के! मला हे गणित फार आवडतं. हा वेग काढताना मोलर वस्तुमान, म्हणजे एक मोल नायट्रोजनचं वस्तुमान, मात्र किलोग्रॅममध्येच घे, ०.०२८. मग स्वतःला विचार, इतका वेग असूनही बंद खोलीत अत्तराचा वास पसरायला वेळ का लागतो? कारण रेणू सरासरी ७० नॅनोमीटरच्या आसपासच सरळ जातो, की लगेच दुसऱ्यावर आदळून दिशा बदलतो.