दोन मोटारींची गँट्री : वाचकांचे प्रश्न

संगणकावरून यंत्र चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या मुक्त-स्रोत प्रणालीवर राउटर (फिरत्या टूलने लाकूड कापणारे यंत्र) चालवणाऱ्या वडोदऱ्यातील वाचकांनी गँट्रीच्या, म्हणजे टूल वाहून नेणाऱ्या आडव्या पुलाच्या, दोन बाजूंच्या मोटारींविषयी विचारलेले काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीतील आमच्या कारखान्यात प्लायवूडसाठी ४ बाय ८ फुटांचा राउटर बांधत आहोत. वाय अक्षाच्या (गँट्री पुढे-मागे नेणाऱ्या) दोन्ही ड्रायव्हरना, म्हणजे मोटारींना वीज देणाऱ्या सर्किटांना, एकाच स्टेप पिनवरून पल्स दिले तर चालणार नाही का?

उत्तर : यंत्र चालेल, पण सॉफ्टवेअरने गँट्री काटकोनात आणण्याचा कोणताही मार्ग तुमच्या हाती उरणार नाही. दोन्ही मोटारींना तेच पल्स मिळत असल्यामुळे, वीज बंद असताना कोणी एका बाजूला धक्का दिला असेल, तर गँट्री ज्या तिरकेपणात उभी आहे त्याच तिरकेपणात दिवसभर काम करत राहील. म्हणून प्रत्येक मोटारीला स्वतंत्र स्टेप पिन आणि स्वतंत्र होम स्विच (सुरुवातीची जागा ओळखणारा) द्यावा. २.८ आवृत्तीपासून या प्रणालीत जॉइंट (एकेक मोटार) आणि अक्ष (हालचालीची दिशा) या गोष्टी वेगळ्या केलेल्या आहेत, त्यामुळे एका वाय अक्षाखाली दोन जॉइंट सरळ मांडता येतात. आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये ट्रिवकिन्सचे (जॉइंट आणि अक्ष यांची सांगड घालणाऱ्या भागाचे) कोऑर्डिनेट्स ‘एक्सवायवायझेड’ असे लिहावे, किन्सटाइप ‘बोथ’ ठेवावा आणि जॉइंटची संख्या ४ द्यावी. मग एक्सला जॉइंट ०, वायला १ व २ आणि झेडला ३ असे क्रमांक मिळतात.

प्रश्न : होमिंग (स्विच शोधून सुरुवातीची जागा ठरवणे) करताना आधी डावी बाजू सरकते, मग उजवी, आणि गँट्री करकरते. (कारेलीबाग)

उत्तर : दोन्ही जॉइंटना वेगवेगळे होम सीक्वेन्स, म्हणजे होमिंगचे क्रमांक, दिले गेले आहेत. झेडला ० ठेवा, म्हणजे टूल आधी वर जाईल, आणि वायच्या दोन्ही जॉइंटना समान ऋण संख्या, समजा −१, द्या. तसे केल्यावर दोन्ही बाजू बरोबर निघतात, प्रत्येक बाजू आपापला स्विच शोधून थांबते आणि दोघी तयार झाल्यावरच होमच्या जागेकडे जाण्याची अखेरची चाल एकत्र सुरू होते. ऋण संख्येमुळे त्या जॉइंटना एकेकटे जॉग करणेही (बटण दाबून सरकवणेही) बंद होते. काहींना ही अडचण वाटते, परंतु गँट्री पिळली जाऊ नये यासाठीच ती सोय आहे, तेव्हा ती टाळण्याच्या वाटा शोधू नयेत.

प्रश्न : मी कलाभवनचा विद्यार्थी आहे. ६०० बाय ८०० मिमीच्या आयताच्या चार कोपऱ्यांवर छिद्रे पाडून कर्ण मोजले, तेव्हा १ मिमीचा फरक आला. त्याचा अर्धा भाग होम ऑफसेटमध्ये (स्विचच्या जागेच्या आकड्यात) घातला, तरी फरक शिल्लक आहे.

उत्तर : मोजण्याची पद्धत उत्तम आहे, हिशेब मात्र कर्णांतील फरकाच्या अर्ध्यावर संपत नाही. तिरकेपणाचा कोन रेडियनमध्ये काढण्यासाठी कर्णांतील फरकाला कर्णाच्या लांबीने गुणावे आणि दोन्ही बाजूंच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावे. तुमचा कर्ण १००० मिमी आहे, म्हणून १ गुणिले १००० भागिले ९,६०,००० म्हणजे सुमारे ०.००१०४ हा तो कोन होय. हा कोन दोन मोटारींमधील अंतराने गुणला की दुरुस्ती मिळते. हे अंतर १२०० मिमी असेल तर दुरुस्ती १.२५ मिमी येते, अर्ध्या मिलिमीटरच्या अडीचपट.

आता बाजू कोणती, हे पाहू. होम स्विच जवळच्या टोकाला आहेत असे धरून तिथे उभे राहिल्यावर दूरचा उजवा कोपरा लांब कर्णावर येत असेल, तर उजवी बाजू पुढे गेली आहे आणि डावी पुढे आणायची आहे. होम (शेवटी थांबण्याची जागा) ० आणि दोन्ही होम ऑफसेट −५ असतील, तर डावीचा −६.२५ करावा, म्हणजे ती आपल्या स्विचपासून ५ ऐवजी ६.२५ मिमी पुढे येईल. पुन्हा होमिंग करून नवी छिद्रे पाडावीत आणि कर्ण पुन्हा मोजावेत, कारण टेपने मोजताना होणारी चूकही या आकड्यात मिसळलेली असते.

याला एक मर्यादा आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. दुरुस्ती काही मिलिमीटरवर गेली, तर आकडा बदलून भागवू नये. गँट्रीचे बोल्ट सैल करून ती गुण्यात (काटकोनात) बसवावी आणि मगच उरलेला बारीक फरक ऑफसेटने काढावा. मोटारींच्या जोराने सरळ धरलेली चौकट बेअरिंगवर सतत ताण देते आणि वीज जाताच मूळ जागी उसळते.

प्रश्न : एक मोटार उलटी फिरते. (गोत्री)

उत्तर : त्या जॉइंटच्या स्केलचे (एका मिलिमीटरला किती पल्स, त्या आकड्याचे) चिन्ह बदलावे. पहिली चाचणी पिनियन (मोटारीचे दातेरी चाक) रॅकपासून (दातेरी पट्टीपासून) सोडवूनच घ्यावी. मोटारीच्या तारा अदलाबदल करणार असाल, तर ड्रायव्हरचा वीजपुरवठा आधी बंद करावा, कारण चालू ड्रायव्हरवरून मोटारीची तार काढल्यास ड्रायव्हर जळू शकतो.

प्रश्न : काम चालू असताना एक बाजू अडकली तर प्रणालीला कळेल का?

उत्तर : साध्या स्टेपरमध्ये (पल्सगणिक पावलापावलाने फिरणाऱ्या मोटारीत) कळणार नाही. तिथे फॉलोइंग एरर (सांगितलेली आणि गाठलेली जागा यांतील फरक) काढताना तुलना पाठवलेल्या पल्सशीच होते, मोटारीच्या खऱ्या जागेशी नव्हे. एन्कोडर (मोटारीची खरी जागा मोजणारा) असलेले क्लोज्ड-लूप स्टेपर वापरत असाल, तर दोन्ही ड्रायव्हरचे अलार्म आउटपुट आपापल्या जॉइंटच्या ॲम्प-फॉल्ट-इन या पिनला जोडावेत. एकाही बाजूने दोष कळवला की सर्व अक्ष थांबतात, आणि अडकलेल्या बाजूभोवती दुसरी बाजू गँट्री ओढत नेत नाही. त्यानंतर थांबलेल्या ओळीपासून काम तसेच पुढे रेटू नये. टूल वर घ्यावे, अडथळा काढावा, पुन्हा होमिंग करावे आणि मगच काम सुरू करावे.