दमा असलेल्या आईला रात्रीच दवाखान्यात न्यायचं की सकाळची वाट पाहायची?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्याला असता, आई-बाबा वणीकडच्या खेड्यात. आईला जुना दमा. रात्री धाप लागली की ती म्हणते, "मले काही होत नाही, सकाळी जाऊ," आणि दवाखाना तासाभराच्या अंतरावर असल्यानं बाबाही थांबतात. निघायची वेळ कशी ओळखायची, हा तुमचा प्रश्न. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळीत दम्याचे रुग्ण आमच्याकडे येतात ते बहुतेक पहाटे, आणि सोबतचा माणूस सांगतो की त्रास संध्याकाळपासूनच होता. म्हणून आधी नेमकं उत्तर देते.

दम्याचा पंप (इनहेलर) घेऊनही आईला एक सबंध वाक्य एका दमात बोलता येत नसेल, तर निघायचं. घड्याळात किती वाजले ते पाहायचं नाही. हे तुम्हाला पुण्याहून फोनवरही कळू शकतं. "कशी आहेस?" असं विचारू नका, त्यावर ती "बरी आहे" एवढंच म्हणेल. आज काय रांधलं, वावरात कोण कोण आलं होतं, असं काही विचारा, की तिला लांब बोलावं लागेल. ती दोन-तीन शब्दांवर अडखळत असेल, मध्ये श्वासासाठी थांबत असेल, तर बाबांना फोन द्यायला सांगा आणि निघायला लावा.

बाकीच्या खुणा बाबांनी पाहायच्या. श्वास घेताना गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का? आडवं होता येत नाही म्हणून ती बाजेवर हात टेकून, पुढं वाकून बसली आहे का? तिला न सांगता पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला सांगा. मोठ्या माणसाचा शांत बसलेला असताना 12 ते 20 असतो. 25 च्या वर गेला तर हल्ला जोराचा आहे. करोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर घरात असेल तर तेही लावा, पण बोटं गार असली की ते चुकीचा आकडा दाखवतं, म्हणून आधी हात चोळून घ्या. 94 च्या खाली आलं तर निघा. आणि आकडा 96 आहे पण बाईला बोलता येत नाही, अशा वेळी आकड्यावर नाही, बाईवर विश्वास ठेवा.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती ही. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट बेडका साचतो. अशा अरुंद नळीतून हवा जाते तेव्हा शिट्टीसारखा आवाज येतो. म्हणजे आवाज आहे तोवर हवा जाते आहे. नळ्या फारच आवळल्या की आवाज करण्याइतकीही हवा उरत नाही आणि छाती शांत होते. त्याच वेळी माणूस थकून डोळे मिटायला लागतो. घरच्यांना वाटतं, घरघर थांबली, आता झोप लागली, बरं झालं. तसं नसतं. खरंच आराम पडलेला माणूस बोलतो, पाणी मागतो, आडवा होतो. घरघर थांबली पण बोलणंही थांबलं, माणूस गुंगीत आहे, असंबद्ध बोलतो आहे, ओठ-नखं निळसर दिसताहेत, हे सगळ्यात वाईट लक्षण. आमच्याकडे उशिरा आलेल्यांच्या घरचे अनेकदा याच "झोपे"बद्दल सांगतात. हे बाबांना आणि शेजारच्यांना आधीच समजावून ठेवा, तुम्ही स्वतः बोला.

पंपाचं म्हणाल तर निळा, लगेच आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप आईकडे असेलच. तो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घ्यायचा. स्पेसरमध्ये एक दाब, त्यातून चार-सहा श्वास, मग पुढचा दाब, असे चार. वीस मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा चार, आणि त्याच वेळी गाडी बोलवायची. डॉक्टरांनी वेगळा पंप किंवा वेगळं प्रमाण लिहून दिलं असेल तर ते पाळा. आराम पडला, पण तीन-चार तासांच्या आत पुन्हा पंप लागला, तरी त्याच दिवशी दवाखाना. आणि पंप रिकामा तर नाही ना, ते पाहा. औषध संपल्यावरही त्यातला गॅस फुसफुसत राहतो, त्यामुळे दाबल्यावर भरलेलाच वाटतो. ज्यावर आकडे दिसतात असा पंप मागून घ्या.

मोठ्या शहरात लोक तीनदा पंप घेऊन वाट पाहू शकतात, कारण दहा मिनिटांवर ऑक्सिजन असतो. तुमच्या आईचा तास रस्त्यातच जातो. म्हणून त्यांची जी शेवटची वेळ, त्याच्या एक तास आधी तुमची. संध्याकाळी धाप वाढती असेल तर उजेड असतानाच निघालेलं बरं. याआधी तिला कधी दम्यासाठी भरती करावं लागलं असेल, ऑक्सिजन लागला असेल, तर आणखी लवकर.

108 ची गाडी मोफत आहे. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा, "दम्याचा रुग्ण आहे, बोलता येत नाही." मग गाव आणि फाट्याची खूण. गाडीला उशीर लागणार असं कळलं तर गावातली चारचाकी काढा. कोणाची, हे आजच ठरवून ठेवा. थंडीच्या रात्री मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं शक्यतो टाळा. गार वाऱ्यानं नळ्या आणखी आवळतात, आणि गुंगी आली तर ती सावरू शकणार नाही. वाटेत पंप चालू ठेवा, तिला बसवूनच न्या. घरात ऊद-धूप, छातीला बाम, वाफारा यात वेळ घालवू नका. झोपेची गोळी तर चुकूनही नको.

एक गोष्ट आपल्या भागासाठी वेगळी सांगावी लागते. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते. 2017 मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, हे तुम्हाला आठवत असेल. त्या विषबाधेतही छातीत घरघर होते आणि धाप लागते. पण सोबत तोंडाला लाळ, डोळ्याला पाणी, खूप घाम, उलटी, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, असं दिसलं तर तो दमा समजून पंप मारत बसू नका. कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि थेट मोठा दवाखाना. फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घ्या. तसंच पायावर सूज, आडवं झालं की गुदमरणं, छातीत दुखणं असेल तर तो हृदयाचा त्रास असू शकतो. तिथंही थांबायचं नाही.

रात्रीच्या धावपळीआधी काही आठवडे दमा सूचना देत असतो. गेल्या महिन्यात धाप किंवा खोकल्यानं रात्री जाग आली का, निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का, नेहमीचं काम अर्धवट सोडावं लागलं का? एकाचंही उत्तर हो असेल तर दमा ताब्यात नाही, आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला हवं. निळा पंप नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो, सूज उतरवत नाही. सूज उतरवायला रोजचा, स्टेरॉइड असलेला पंप लागतो. "सवय लागेल" या भीतीनं लोक तो सोडतात. सवय लागत नाही. घेतल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येत नाहीत. कोजागिरीचं खिरीतलं औषध आईला घ्यायचं असेल तर तिची श्रद्धा मोडू नका, पण त्यासाठी पंप बंद करू देऊ नका.

आणि कापूस. भाव यायची वाट पाहत तो झोपायच्याच खोलीत छतापर्यंत भरलेला असतो, त्याची लव सगळ्या घरात उडते. आईची बाज त्या खोलीतून आजच हलवा. चुलीत पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) जळतात तेव्हा तिला धुरात बसवू नका; तुरीच्या मळणीच्या दिवशी थ्रेशरजवळ जाऊ देऊ नका.

हल्ला ओसरून घरी आली तरी आठवड्याच्या आत पुन्हा दाखवायचं. पाच-सात दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील तर दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू देऊ नका, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी मनानं सुरू करू देऊ नका. जाताना तिचे सगळे पंप पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवायला सांगा. पुष्कळदा औषध बरोबर असतं, पण ते छातीत न जाता जिभेवरच बसत असतं.