मॅडम, या वयात स्पेलिंग सुधारेल का?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला थेट कोणी विचारत नाही. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, नाहीतर प्रमोशन आलंय पण घ्यावंसं वाटत नाही म्हणून, आणि मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत आवाज खाली जातो, दाराकडे एकदा बघितलं जातं आणि वाक्य येतं, "मॅडम, इंग्लिश येतं मला, बोलते पण, पण स्पेलिंगचा जरा प्रॉब्लेम आहे." बहुतेक सगळे मराठी मीडियमचे, पस्तीस ते पन्नासमधले, कामात हुशार. आणि पाठोपाठ ठरलेलं, "आता या वयात काय सुधारणार म्हणा." सुधारतं. म्हणून एका ताईंची गोष्ट लिहितेय, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

ताई एका खासगी कंपनीत अकाउंट्सला. शाळा गावची, इंग्रजी पाचवीपासून (आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, ताई त्याच्या आधीच्या). टॅली, जीएसटी, ऑडिट सगळं चोख. कॉम्प्युटरवर लाल रेघ येते म्हणून तिथे निभावतं, पण हाताने लिहायची वेळ आली की संपलं. मीटिंगची मिनिट्स, बोर्डवर दोन ओळी आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेक. चाळीस हजारांचा चेक लिहिताना त्यांनी फोर्टीमध्ये 'यू' घातला, शेजारच्या मुलीने हसून दाखवून दिलं, ताईंनी गडबडीत तिथेच गिरवलं, आणि चेकवर तारीख सोडून खाडाखोड चालत नाही म्हणून तो चेकच रद्द करावा लागला. वर चेकवर आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर कायद्याने अक्षर धरतात हे त्यांना पाठ, त्यामुळे भीती दुप्पट. घरी सांगितलं तर आठवीतला मुलगा म्हणाला, "मम्मी, तुला फोर्टी पण येत नाही?" त्यानंतर पेन हातात घेतलं की हात थरथरायला लागला. माझ्याकडे आल्या त्या हात थरथरतो म्हणून, न्यूरोकडे जाऊन सगळं नॉर्मल आल्यावर.

"मग स्पेलिंगसाठी काय केलंत आत्तापर्यंत?"

त्यांनी पर्समधून वही काढली. शंभर पानी, प्रत्येक पानावर एकच शब्द वरपासून खालपर्यंत लिहिलेला, अक्षर इतकं सुंदर की बघत राहावं. मी म्हणलं वही मिटा आणि त्यातलाच 'सेपरेट' लिहून दाखवा. लिहिला. चुकला. आणि वही करायच्या आधी जिथे चुकायचा तिथेच चुकला, मधल्या 'ए'च्या जागी 'ई'.

मला यात नवल वाटलं नाही. दोन-तीन ओळींनंतर हात फक्त वरची ओळ उतरवत असतो, डोक्याला कोणी काही विचारतच नाही. शब्द डोक्यातून बाहेर काढायला लागला तरच तो बसतो, नुसता डोळ्यासमोरचा उतरवला तर नाही. आणि एका दिवसात रेटून केलेलं किती भराभर डोक्यातून जातं हे एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय, तरी आपण अजून मुलांना पन्नास वेळा लिहायची शिक्षा देतो. असो.

पण त्या दिवशी मी पद्धत बदलायला सांगितली नाही, आधी दुसरं काम होतं.

"सेपरेटमध्ये अक्षरं किती?"

"आठ."

"तुमची बरोबर किती आली?"

मोजलं. "सात. पण मॅडम, चूक ती चूकच ना."

"चूकच. मी कुठे बरोबर म्हणतेय? शब्द चुकलाय. पण तुम्ही मघाशी काय म्हणालात? मी अडाणीच राहिले. शब्द चुकला आणि मी अडाणी, ही एकच गोष्ट आहे का?"

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "लिहिताना एकच वाटते."

मी अल्बर्ट एलिसच्या (एका चुकीवरून अख्ख्या माणसाला नापास करू नका म्हणणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ) वाटेने जाणारी आहे, ते माझ्या कामात दिसतंच. "तुम्ही छान आहात, स्पेलिंगचं काही नसतं हो" असं मी म्हणत नाही, कारण ते खोटं आहे, चेकवर स्पेलिंगचं असतं. ते चुकणं गैरसोयीचं आहे आणि ते दुरुस्त करायचं. त्यावरून स्वतःला जी शिक्षा सुनावलेली असते ती मात्र काढून टाकायची, कारण हात थरथरतो तो त्या शिक्षेमुळे, 'यू'मुळे नाही. शिक्षा डोक्यावर असताना नवीन शिकायला डोकं मोकळं राहत नाही, इतकं ते साधं आहे. यावर आम्ही बऱ्याच भेटी घालवल्या, ते सगळं इथे लिहीत नाही.

मग गृहपाठ दिला, आठवडाभर स्वतःच्या चुका गोळा करून आणायच्या. फक्त आपल्या, पुस्तकातली यादी नको. डेफिनेटली, कमिटी, मेंटेनन्स, रिसीट, ट्रान्स्फर्ड, गव्हर्नमेंट असे पंधरा-वीस शब्द आले. आम्ही चुकलेल्या प्रत्येक अक्षरावर गोल केला आणि मला जे दिसलं ते मी त्यांना दाखवलं. एकही गोल अशा जागी नव्हता जिथे अक्षर स्पष्ट ऐकू येतं. सगळे गोल कुठे, तर डबल अक्षरात एक कमी, न ऐकू येणारं अक्षर गायब, आणि मधला तो पुसट 'अ', जो इंग्रजीत 'ए', 'ई', 'आय', 'ओ', 'यू' कशानेही लिहिला जातो.

"ताई, तुमचा कान एकदम पक्का आहे. तुम्ही जे ऐकता तेच लिहिता. मराठीत याला पैकीच्या पैकी मिळाले असते." (ऱ्हस्व-दीर्घ सोडून, ते मी मनात म्हणलं.)

हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. चुका आळसाच्या नव्हत्या, बुद्धीच्या नव्हत्या, मराठीने लावलेल्या चांगल्या सवयीच्या होत्या. इंग्रजीत ती चालत नाही कारण लिहिणं एका जागी थांबलं आणि बोलणं पुढे निघून गेलं. कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला 1476 मध्ये, तेव्हापासून स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, 1755 ला जॉन्सनची डिक्शनरी आली तोपर्यंत बरंचसं पक्कं झालं होतं, आणि उच्चार मात्र या सगळ्या काळात बदलत राहिले. सरदार या अर्थाच्या नाईटमधला 'के' एकेकाळी लोक खरंच म्हणायचे. आता तो नुसता उभा आहे.

"म्हणजे चूक त्यांची आहे," ताई म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

पुढच्या भेटीत जे झालं ते मला अजून आवडतं. यादीत कर्ज या अर्थाचा 'डेट' होता. ताई लिहायच्या डी-ई-टी, किंवा फारच शंका आली तर डी-ई-टी-टी. मी विचारलं, दिवसभरात तुम्ही सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द लिहिता? "डेबिट. डेबिट आणि क्रेडिट." लिहा. लिहिला, विचारसुद्धा न करता, बरोबर. आता त्याच्याखाली कर्जाचा डेट लिहा, तो बी घालून, डी-ई-बी-टी. त्या दोन्ही ओळींकडे बघत बसल्या. मी गप्प बसले, आमच्या कामात गप्प बसण्याचेच पैसे असतात म्हटलं तरी चालेल.

"अय्या. मॅडम, हे डेबिटच आहे. मधला आय काढलेला."

तसंच आहे. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा त्यात बी नव्हता, नंतर लॅटिन येणाऱ्या पंडितांनी मूळ 'डेबिटम' दिसावं म्हणून तो घातला. उच्चारात तो कधी आलाच नाही, तो फक्त घराण्याची खूण आहे. हे सांगत होते तोवर ताई पुढे गेल्या होत्या. "मग रिसीटमधला पी? रिसेप्शनचा?" मी काही बोलायच्या आत, "आणि साईनमधला जी सिग्नेचरचा! डेझिग्नेशनमध्ये पण आहे!" सिग्नेचर त्या रोज बरोबर लिहायच्या, असाइनमेंटमधला जी मात्र दर वेळी गाळायच्या. दोघं एकाच घरातले हे लक्षातच आलं नव्हतं. नंतर घरी जाऊन त्यांनी टू, ट्वाइस, ट्विन, ट्वेल्व्ह, ट्वेंटी अशी रांग लावली आणि टूमधल्या डब्ल्यूचा पत्ता मला फोनवर कळवला. हे मी शिकवलं नव्हतं.

मला वाटतं मोठ्या माणसांचं शिकणं इथेच वेगळं पडतं. लहान मुलाला 'असंच असतं' म्हणून चालून जातं, चाळिशीतल्या माणसाला कारण लागतं, आणि कारण मिळालं की तो ज्या वेगाने जातो त्या वेगाने मूल जात नाही. स्मरणशक्ती कमी झाली म्हणून रडणाऱ्यांना मी हेच सांगते, तुमच्याकडे वीस वर्षांचा शब्दसाठा आहे, त्याला कामाला लावा.

सगळ्याच शब्दांना कारण नसतं. फोर आणि फोर्टीनमध्ये यू आहे आणि फोर्टीमध्ये नाही, याला काही अर्थ नाही, ते सरळ पाठ करायचं. नाईन्टीमध्ये ई राहतो, नाइन्थमध्ये जातो, तेही तसंच. जिथे घराणं सापडत नाही तिथे शब्द मुद्दाम वेडावाकडा म्हणायचा, वेड-नेस-डे, गव्हर्न-मेंट, सेप-आ-रेट, मनात म्हणायचा फक्त, लोकांसमोर नाही. मेंटेनन्समध्ये टेन दडलाय, दहाचा. डेफिनेटलीच्या पोटात 'फायनाइट' आहे, म्हणजे तिथे ए येणारच नाही. ट्रान्स्फर्ड, रेफर्डमध्ये बोलताना जोर शेवटी येतो म्हणून डबल आर, एन्टर्डमध्ये जोर आधी येतो म्हणून एकच. हे डबलचं गणित अकाउंट्सवाल्यांना फार लवकर कळतं असा माझा अनुभव.

आणि सराव कसा, तर अगदी थोडा. रोज पाच शब्द, चुकणाऱ्या अक्षराखालीच रेघ, बाकी शब्द सजवायचा नाही. बघा, झाका, लिहा, ताडून बघा. मग उद्या, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, पन्नास वेळा मात्र नाही. स्पेलचेक वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका, 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडलं तर ते सहसा गप्प बसतं, कारण फॉर्म हाही शब्द आहेच. अमेरिकन की ब्रिटिश यावर वाद घालू नका, तुमचं ऑफिस जे वापरतं ते धरा.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. ज्यांना मराठी वाचतानाही लहानपणापासून अडखळायला होतं, अक्षरं गाळली जातात, आपणच लिहिलेलं नंतर वाचता येत नाही, त्यांना या युक्त्या पुरणार नाहीत, त्यांनी तपासणी करून घ्यावी. मोठ्या वयातही होते. शिकण्याची ही अडचण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे, लाजायचं काही नाही. ताईंचं तसं नव्हतं, मराठी कादंबऱ्या रात्री जागून वाचणाऱ्या त्या.

मुलाचं विचाराल तर, ताईंनी एका संध्याकाळी त्याला सहज विचारलं की कर्जाच्या डेटमध्ये बी का असतो रे. त्याला स्पेलिंग येत होतं, कारण येत नव्हतं. मग मम्मीने सांगितलं. आता तो स्वतःच शब्द घेऊन येतो आणि दोघं घराणी शोधत बसतात, त्यात कधीकधी चुकीची सोयरीक पण जुळवतात, चालायचंच.

हात अजून कधीतरी थरथरतो, पण त्या थरथरत्या हाताने चेक लिहून होतो. शेवटच्या भेटीत विचारत होत्या, "मॅडम, आता ते इन, ऑन, ॲटचं पण घ्याल का?" मी म्हणलं ते माझं काम नाही, ग्रामरच्या क्लासला जा, तिथे फी पण माझ्यापेक्षा कमी असते.