‘भांडखोर’ला दुसरा शब्द हवाय?

तुम्ही पाठवलेली गोष्ट वाचली. छान जमतेय, लिहीत राहा. फक्त शेजारीण, धाकटा भाऊ आणि गावगुंड, तिघंही तुमच्याकडे ‘भांडखोर’च आहेत. समानार्थी शब्दांची यादी पाठ करू नका. सुरुवातीला एवढंच बघा:

- कोणाबद्दल? लहान मूल द्वाड, व्रात्य, हूड. त्यात लाड असतो. शरीरबळावर धसमुसळेपणा करणारा दांडगट किंवा आडदांड. ‘कजाग’ आणि ‘खाष्ट’ बहुतेक वेळा बायकांनाच चिकटवले जातात (पुरुषांना सहसा कुणी कजाग म्हणत नाही, हाही आपला भाषिक न्याय!), म्हणून ते जपून वापरा.

- स्वतः भांडतो की लावून देतो? ‘भांडकुदळ’ स्वतः कुदळ घेऊन वाद उकरतो. ‘कळलाव्या’ दोघांत जुंपून देतो आणि बाजूला उभा राहून मजा बघतो. नारदमुनींना आपण भांडकुदळ म्हणत नाही, ते कळलावेच.

नवखे हमखास अडखळतात ते ‘खोडकर’ आणि ‘खोडसाळ’मध्ये. खोडकर मुलाच्या पाठीत धपाटा घालून हसता येतं. खोडसाळपणात मात्र दुष्ट हेतू असतो. अफवा खोडसाळ असते, खोडकर नव्हे.

व्याकरण सोपं आहे. ‘भांडखोर’, ‘भांडकुदळ’ लिंगानुसार बदलत नाहीत. ‘कळलाव्या’ची मात्र ‘कळलावी’ होते. ‘-खोर’ हा फारसीतून आलेला प्रत्यय, लाचखोरमधलाच.

मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी शब्दकोश नंतर चाळा. आत्ता तुमच्या आजीला विचारा, शेजारणीला ती काय म्हणाली असती.