फुली-गोळा, हॉकी आणि पिवळी कॅसेट

गेल्या वेळी फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनल एफ’ या १९७६ सालच्या अमेरिकी टीव्ही गेमबद्दल लिहिलं. अटारी २६०० या गाजलेल्या टीव्ही गेमच्या आधी आलेलं हे यंत्र आपल्याकडे कुणाला ठाऊक नसेल, असा माझा समज होता. पण मुंबईत कुणाच्या माळ्यावरून काय निघेल, सांगता येत नाही. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न घेतो.

गिरगावातून एक वाचक: काकांनी अमेरिकेहून आणलेलं यंत्र खोक्यात सापडलं. थेट प्लगला लावून बघू का?

कृपा करून लावू नका. ते १२० व्होल्टसाठी बनवलेलं आहे आणि आपल्या भिंतीतून २३० व्होल्ट येतात. आतला ट्रान्सफॉर्मर जळाला तर पन्नास वर्षं जपलेली वस्तू क्षणात जाईल. लॅमिंग्टन रोडवर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो, तो आधी घ्या. चित्राची अडचण वेगळी. यंत्र अमेरिकी एनटीएससी पद्धतीचा सिग्नल तिथल्या ३ किंवा ४ नंबरच्या चॅनलवर सोडतं, तर आपले जुने टीव्ही पाल पद्धतीचे. जाणकार कारागिराकडून कंपोझिट व्हिडिओची, म्हणजे चॅनल न लावता चित्र थेट टीव्हीत नेणारी, वायर काढून घेतलीत तर एनटीएससी समजणाऱ्या कुठल्याही टीव्हीवर चित्र दिसेल.

विलेपार्ल्यातून: तशी वायर काढून घेतली, चित्र आलं, पण टीव्हीतून आवाज नाही. काम बिघडवलं का?

नाही, कारागिराला दोष देऊ नका. पहिल्या चॅनल एफचा आवाज टीव्हीतून येतच नसे. स्पीकर यंत्राच्या पोटात आहे. कान जवळ न्या, ‘टुक’ ऐकू येईल. सुरांची पट्टीही तीनच स्वरांची आहे.

अंधेरीतून अभियांत्रिकीचा विद्यार्थी: अटारी २६००मध्ये फक्त १२८ बाइट रॅम, तरी तिचे खेळ पळतात. चॅनल एफकडे चित्रासाठी २ किलोबाइट असून ते रांगतं. असं का?

असा प्रश्न आला की माझा दिवस छान जातो. आधी हिशेब करा. पडदा १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा (कडेचे काही टीव्हीच्या चौकटीत लपतात) आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २ बिट. गुणाकार १६,३८४ बिट, म्हणजे बरोब्बर २ किलोबाइट. अख्खं चित्र स्मृतीत साठवलेलं असतं. प्रोसेसरला, म्हणजे एफ-८ ला, कामापुरती स्वतःची जागा मात्र ६४ बाइट.

हे चित्र रांगोळीसारखं आहे. एकदा काढलं की जागेवर राहतं, पण त्यातला मोर दोन बोटं सरकवायचा तर पुसून नव्याने काढावा लागतो. चेंडू सरकताना एफ-८ नेमकं हेच करतो, तेही एकेक ठिपका करून. अटारीकडे चित्राची स्मृतीच नाही. टीव्हीचा किरण पडद्यावरून जात असताना ती ओळीमागून ओळ नव्याने उभी करते. सगळी पाण्यावरची अक्षरं. प्रोग्रामरचा जीव मेटाकुटीला येतो, पण चेंडू सरकवायचा तर आकडा बदलला की झालं.

म्हणून चॅनल एफकडे वेगाचे खेळ मागू नका. जिथे चित्र स्थिर राहतं आणि डोकं चालवायचं असतं, म्हणजे चक्रव्यूह, पटावरचे खेळ, ‘डूडल’सारखी चित्रकला, तिथे ते मनापासून रमवतं.

दादरहून एक आजोबा: नातवंडं कॅसेटमध्ये फुंकर मारायची. इथेही तेच करायचं का?

फुंकरीबरोबर थुंकीची ओल जाते आणि मुंबईच्या दमट हवेत आधीच काळवंडलेले संपर्क आणखी गंजतात. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा.

आणि चॅनल एफच्या पिवळ्या कॅसेटकडे जरा आदराने पाहा. तोवरच्या घरगुती यंत्रांत खेळ आतच कायमचे ठरलेले असत. रॉमची, म्हणजे खेळ कायमचा साठवलेल्या चिपची, कॅसेट बदलून नवा खेळ लावायची कल्पना अल्पेक्स कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची. मुलांच्या हातात टिकेल असं त्या कल्पनेचं यंत्र घडवलं ते फेअरचाइल्डमधल्या जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या चमूने. तुमच्या नातवंडांनी घातलेली प्रत्येक कॅसेट याच घराण्यातली.

परळहून एक आई: मुलाला संगणकावर हे खेळ लावून दिले. पाच मिनिटांत कंटाळला. दहा वर्षांच्या मुलाला यात काही आहे का?

आहे, पण त्याला एकट्याला बसवू नका. यंत्रातच भरलेले हॉकी आणि टेनिस दोघांसाठीच आहेत, समोर संगणक खेळत नाही. तुम्ही शेजारी बसा.

दुसरं, कीबोर्ड बाजूला ठेवा. मूळ यंत्राला मुठीत धरायचा दांडा आहे. त्याचं टोक आठ दिशांना हलतं, पिळता येतं, दाबता येतं आणि वर ओढताही येतं. हॉकीत टोक पिळलं की फळी तिरकी होते आणि चेंडू भलत्याच कोनातून उडतो. सगळी गंमत त्या पिळण्यात आहे. साधं जॉयपॅड जोडा आणि पिळण्याची हालचाल जॉयपॅडच्या वरच्या कडेवरच्या दोन बटणांना द्या.

सुरुवात पहिल्या कॅसेटमधल्या फुली-गोळ्याने करा. हरलात तर यंत्र ‘यू लूज, टर्की’ असं चिडवतं, मुलं त्यावर खिदळतात. मग दहाव्या कॅसेटमधला ‘ब्लाइंड मॅन्स ब्लफ’, आपली आंधळी कोशिंबीरच. चक्रव्यूहाच्या भिंती दिसत नाहीत, चाचपडत वाट काढायची.

हॉकी शेवटी ठेवा. ‘होल्ड’ नावाचं बटण आहे, ते म्हणजे अंगठा दाखवून म्हटलेलं ‘टाइमप्लीज’. खेळ जागीच थांबतो आणि थांबलेला असतानाच वेग बदलता येतो. मुलगा रडकुंडीला आला की होल्ड दाबा, चेंडू हळू करा आणि डाव तिथूनच पुढे न्या.