एक्सएमपी चालू केल्यापासून स्क्रीन काळीच, डिलीट दाबूनही बायोस उघडत नाही. रिसेट केला तर विंडोज उडेल का?

नाही उडणार. विंडोज आणि तुमच्या फायली डिस्कवर असतात, बायोसची (संगणक चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग्ज मदरबोर्डवर. एक्सएमपीने, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणाऱ्या सेटिंगने, दिलेल्या वेगाला तुमची रॅम चालत नाहीये, एवढंच झालेलं दिसतंय. बोर्ड गेला असं समजून लगेच दुकान गाठू नका.

आधी थोडी वाट बघा. बरेच बोर्ड दोन-तीनदा स्वतःच बंद-चालू होऊन रॅमच्या मूळ वेगावर परततात. रॅम डीडीआर५ असेल तर अशा बदलानंतर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते.

तरीही काही दिसलं नाही तर रिसेट करा, पण त्याआधी मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की आहे का ते बघा आणि असली तर कागदावर उतरवून ठेवा. विंडोज ११ मध्ये एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप चालू झालेलं असतं आणि रिसेटनंतर ही की मागितली जाऊ शकते.

आता पॉवर केबल काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. बोर्डावर दोन सुट्या पिना शोधा. शेजारी बारीक अक्षरांत असूसवर सीएलआरटीसी, गिगाबाइटवर सीएलआर सीमॉस, एमएसआयवर जेबॅट१ असं छापलेलं असतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिना दहा सेकंद एकमेकींना जोडून धरा. पिना सापडल्याच नाहीत तर सीआर२०३२ हा गोल बटण सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवा. मी मात्र पिनाच वापरा म्हणेन, कारण नव्या बोर्डांत बरीच सेटिंग्ज फ्लॅश चिपमध्ये असतात आणि नुसता सेल काढून ती पुसली जातीलच असं नाही.

खरी काळजी यानंतर घ्यायची. रिसेटनंतर विंडोज उघडलं नाही की लोक घाबरून फॉरमॅट मारतात आणि धडधाकट डेटा हकनाक घालवतात. कृपा करून तसं करू नका! निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर बायोसमध्ये साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ती सेटिंग, बघा. विंडोज टाकताना तो रेड असेल आणि आता एएचसीआय झाला असेल, तर परत रेड करा. बूटच्या यादीत डिस्कच दिसत नसेल आणि विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल, तर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी बायोसमधली सेटिंग) चालू करा. तारीख-वेळही लावून घ्या, नाहीतर ब्राउझर सुरक्षित साइटही उघडू देणार नाही.

एक्सएमपी पुन्हा हवंच असेल तर प्रोफाइल निवडून वेग थोडा खाली ठेवा, जसं ३६०० ऐवजी ३२००. तेवढ्यावर मशीन नीट चाललं तर तिथेच राहू द्या.